जीप आली, तिचं उत्तर देणारा माणूस मागे राहिला

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोयीची व्हावीत म्हणून थोडी आवरली आहेत.)

आजचा भाग वाशिंदमधून.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला वाशिंदच्या फाट्यावर उभे राहिलात, तर एक गोष्ट हमखास दिसते. नाशिककडून कसारा घाट उतरून एक लांबलचक कंटेनर येतो आणि त्याच्या अंगावर कोऱ्या गाड्या बांधलेल्या असतात. प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. त्यात थार असते, स्कॉर्पिओ असते, बोलेरो असते. महिंद्राचा कारखाना नाशिकला आहे, त्यामुळे देशाच्या निम्म्या शहरांत मिरवणाऱ्या या गाड्या आधी आपल्या दारावरून जातात. आणि त्याच वेळी रस्त्याच्या कडेला क्लासवरून आलेली पोरं, भाजीची पाटी घेतलेल्या बाया, कंपनीतून सुटलेले कामगार, सगळे हायवे ओलांडायला थांबलेले असतात. कंटेनर जातो आणि त्याच्या मागून तशीच एक गाडी येते, पण नंबर प्लेट लागलेली. डोळे दिपवणारे दिवे, पुढे लोखंडी गार्ड, वेग विचारू नका. सगळे एक पाऊल मागे सरतात.

ते एक पाऊल मागे सरणं, हाच आजचा विषय. ही गाडी इथे कशी आली, आणि ती अंगावर आली तर उत्तर कोणी द्यायचं, हे आपण इतिहासातून बघणार आहोत.

लढाईत जन्मलेली गाडी

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी, चिखलातून आणि नाल्यातून जाणारी गाडी हवी होती. नमुना करून द्यायची मुदत किती? फक्त ४९ दिवस. बँटम नावाच्या एका छोट्या, अडचणीत आलेल्या कंपनीने ती मुदत पाळली आणि सप्टेंबरमध्ये गाडी हजर केली. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनी तीच कल्पना घेऊन युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. तीच आपली जीप.

आता या गाडीत काय नव्हतं ते बघा. दारं नव्हती, टप कापडी होता, सीटबेल्ट नव्हता. जमिनीपासून उंच, चाकांमधलं अंतर कमी. का? कारण सैनिकाला उडी मारून उतरायचं होतं आणि अरुंद वाटेने जायचं होतं. सुरक्षितता हा तिच्या जन्माचा हेतूच नव्हता.

पण लष्करात तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट येत होती, आणि ती आपण विसरतो. गाडी कोणी बाहेर काढली, कोणाच्या हुकमाने, किती मैल गेली, याची नोंद व्हायची. चालवणारा शिकवून तयार केलेला असायचा. गाडी उलटली तर विचारणारा वरिष्ठ होता. म्हणजे धोका होता, पण धोक्याचा हिशेब ठेवणारा माणूसही होता.

आपल्यापासून हे फार लांब नव्हतं. आजचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं. युद्ध संपलं, सैन्य गेलं आणि लष्करी सामान 'डिस्पोजल'मध्ये विकायला निघालं. गाड्या बाजारात आल्या. नोंदवही मात्र लष्कराकडेच राहिली.

स्वतंत्र भारताची जीप

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत 'महिंद्रा अँड महंमद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद पुढे पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जुळणी सुरू झाली. सुरुवातीची खेप ७५ गाड्यांची.

गंमत बघा, स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं खरेदी प्रकरण गाजलं तेसुद्धा जीपचंच. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सैन्यासाठी जीपचा सौदा केला. पैसे बरेचसे आधी गेले, प्रत्यक्षात १५५ जीप आल्या. संसदेत गदारोळ झाला. अखेर १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. पण 'जीप' आणि 'उत्तर कोण देणार' हे दोन शब्द आपल्याकडे किती आधीपासून एकत्र आहेत, ते लक्षात घ्या.

पुढे १९५२ मध्ये समूह विकास कार्यक्रम आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, आणि गावाला जीप दिसली ती साहेबाची. बीडीओची जीप, लसवाल्या डॉक्टरांची जीप, निवडणुकीत भोंगा लावलेली जीप. जीप म्हणजे सत्ता. ती आली की आपण बाजूला व्हायचं. आज फाट्यावर आपण जे एक पाऊल मागे सरतो ना, ते तेव्हापासूनचं आहे.

काळी-पिवळीचे दिवस

आता शहापूर-मुरबाडकडे या. वाशिंदचं नशीब बरं, आमच्याकडे १८५५ मध्येच रेल्वे आली. पण मुरबाडला आजही रेल्वे नाही. डोळखांब, किन्हवली, शेणवा, टोकावडे या बाजूला जायचं तर एसटी, आणि एसटी चुकली तर जीप.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला सुटली. टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा हक्क कायद्याने एसटीकडे. जीपवाल्याला मिळायचं ते ठरावीक भाडेकरू घेऊन जाण्याचं परमिट. म्हणजे रस्त्यात हात दाखवणाऱ्याला उचलणं बेकायदा. पण पाड्यावरच्या बाळंतिणीला कायदा काय उपयोगाचा? दिवसात दोन फेऱ्या एसटी, त्यातली एक रद्द. मग लांब चॅसीची जीप, मागे समोरासमोर दोन आडवे बाक, नऊ अधिक एकचं परमिट आणि आत सोळा-सतरा माणसं. दोघं-तिघं मागच्या पायरीवर लटकलेली, टपावर भाताची पोती. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरली तरी 'अजून एक बसेल, सरका जरा.'

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात मी त्या बाकावर बसलेलो आहे. मी तेव्हा सहावीत. मावशीबरोबर तिच्या सासरी चाललो होतो. पावसाळा नुकताच सुरू झालेला. एका वळणावर समोरून ट्रक आला, ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, कडेची माती खचली आणि जीप सावकाश, अगदी सावकाश, शेतात आडवी झाली. वेग नव्हताच म्हणून आम्ही वाचलो. पण आडव्या बाकावर धरायला काही नसतं. सगळी माणसं एका बाजूला कोसळली आणि मावशी सगळ्यांच्या खाली. तिचा उजवा हात कोपरात मोडला.

ड्रायव्हर पळाला. मी त्याला चिखलातून पळताना बघितलं. आणि अर्ध्या तासाने तोच दुसरी जीप घेऊन परत आला. मावशीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं त्यानेच. दवाखान्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

खरी गोष्ट नंतरची आहे. दुसऱ्या दिवशी गाडीचा मालक घरी आला. हात जोडले, दवाखान्याचे थोडे पैसे ठेवले आणि म्हणाला, "मावशी, पोलीस विचारतील. गाडीत नऊच जण होते असं सांगायचं आहे. तुमचं नाव नको. नाहीतर विम्याचं काहीच मिळायचं नाही, आणि माझी गाडीही जाईल." मावशी म्हणाली, "बरं."

तिचा हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. भात लावणीला ती पुन्हा कधी उतरली नाही. पण कागदावर मावशी त्या जीपमध्ये नव्हतीच.

दहावा माणूस

हा दहावा माणूस पुढे सर्वोच्च न्यायालयातही पोचला, बरं का. आमच्या मावशीचा नाही, हिमाचल प्रदेशातला. बसमध्ये ४२ जणांचा विमा, प्रत्यक्षात ९० जण. बस दरीत गेली, २६ जण गेले, बाकीचे जखमी. २००७ मध्ये अंजना श्याम प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. मग कोणते बेचाळीस? तर सर्वांत मोठ्या ४२ भरपायांची बेरीज कंपनीने भरायची आणि ती रक्कम सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटायची. उरलेली वसुली बसमालकाकडून.

म्हणजे काय झालं? जास्तीचे प्रवासी अदृश्य झाले नाहीत, हे चांगलं. पण सगळ्यांचा वाटा घटला. आणि उरलेलं ज्याच्याकडून घ्यायचं, त्याच्याकडे असतं काय? हप्त्यावर घेतलेली एक गाडी, तीही मोडलेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जास्तीच्या दर प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. तो ड्रायव्हरकडून घेता येतो. ज्या रस्त्यावर संध्याकाळची बस येत नाही, त्या रस्त्याला दंड कोणी करायचा, हे कोणत्याच कलमात नाही.

गाडी उलटते का?

थोडं यंत्रशास्त्र, पण सोपं. गाडी वळणावर उलटणार की नाही हे दोन मापांवर बरंचसं ठरतं: दोन चाकांमधलं निम्मं अंतर, आणि गाडीचं वजन जमिनीपासून किती उंचीवर तोललेलं आहे. अंतर कमी आणि उंची जास्त, की उलटायची शक्यता वाढली. टपावर पोती चढवली की वजन आणखी वर गेलं. आमची जीप सावकाश आडवी का झाली, त्याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

अमेरिकन लष्कराने जीपनंतर एम-१५१ नावाची गाडी आणली. ती वळणावर उलटण्यासाठी इतकी बदनाम झाली, की नंतर मोडीत काढताना तिचे तुकडे करूनच विकायचे, पुन्हा रस्त्यावर येऊ द्यायची नाही, असं धोरण लष्कराला घ्यावं लागलं. जी गाडी शिकलेल्या सैनिकाच्या हातातही धड राहत नाही, ती बाजारात कशी सोडायची, हा प्रश्न तिथे कोणीतरी विचारला.

दुसरा गैरसमज 'फोर बाय फोर'चा. चारही चाकांना ताकद मिळते, तेव्हा गाडी चिखलातून निघते, चढ चढते. पण थांबायच्या वेळी? ब्रेक तर अल्टोलाही चार चाकांना असतात. ओल्या डांबरावर थांबायला टायर आणि वेग हेच खरे. पावसाळ्यात माळशेजला निघालेला माणूस 'आपली फोर बाय फोर आहे' म्हणून धुक्यात जोरात जातो, तेव्हा त्याच्याकडे निघायची ताकद जास्त असते, थांबायची नाही. तेच पाण्याचं. मोरीवरून पाणी वाहत असेल तर जड गाडीही थोडी तरंगायला लागते, आणि तरंगली की चार चाकं काय नि दोन काय.

आतले सुरक्षित, बाहेरचे?

गाड्या सुधारल्या, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे दिले होते. २०२० मध्ये नव्या थारला चार मिळाले, २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. नव्या थारमध्ये आधी मागे आडवे बाक असलेला एक प्रकार होता, तोही लवकरच बंद झाला. ते वाचलं तेव्हा मला मावशी आठवली. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आता सक्तीची आहे. सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा असतो, हे मात्र आपल्याला सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींचा अपघात झाल्यावर आठवलं.

पण तारे मुख्यतः आत बसलेल्यांचे. फाट्यावर उभी असलेली बाई त्या तारांकित गाडीच्या बाहेर आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं की ४० इंचांपेक्षा उंच बोनेटच्या गाडीने धडक दिली तर पादचारी मरण्याची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या बोनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. कारण साधं आहे: बुटकी गाडी पायाला लागते, उंच गाडी छातीला. त्यावर आपण लोखंडी गार्ड बसवतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये हे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. समोरच्याला ते घातक आहेतच, शिवाय धडकेचा जोर भलतीकडे गेल्याने स्वतःची एअरबॅगही वेळेवर उघडण्यात अडचण येऊ शकते. तरी फाट्यावर अर्धा तास उभं राहून मोजा.

गाडी कोण चालवत होतं?

२८ सप्टेंबर २००२. वांद्र्याला एका बेकरीसमोर फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर एक टोयोटा लँड क्रूझर गेली. एक जण गेला, चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खानवर खटला चालला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही म्हणून निर्दोष मुक्तता केली. निकालाचा मान आहेच. पण तेरा वर्षं सगळा वाद कशावर चालला? गाडी कोण चालवत होतं, यावर. फुटपाथवर झोपलेल्याच्या बाजूने बघाल तर उत्तर अजून रिकामंच आहे.

आमच्या जीपमध्ये प्रवासी कागदावरून गायब झाला, तिथे चालवणारा. दोन्हीकडे मोडलेला हात आणि गेलेला जीव मात्र खरा.

रूळ आणि रस्ता

वाशिंदला रेल्वे आणि आग्रा रोड जवळजवळ शेजारी धावतात, म्हणून ही तुलना आम्हाला सुचते. रेल्वेने १८५५ मध्ये वाशिंद गाठलं, पण घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडलं. रेल्वेत आज मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतो, आणि तो रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. सिग्नल, रूळ, गाडी, चालक, सगळं तपासायचं. शेजारच्या हायवेवर अपघात झाला की तपास बहुधा एकाच प्रश्नावर संपतो: ड्रायव्हर कोण? कठडा का नव्हता, दिवा का नव्हता, ओलांडायला जागा का नव्हती, हे क्वचित विचारलं जातं.

रस्ता बांधतानाही माणसं जातात. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला आणि २० जण गेले. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. आता नागपूरहून येणारी गाडी घाटात न अडकता बोगद्यातून आपल्या तालुक्यात उतरते. रस्ता उत्तम आहे. ताशी १२० ने येणारा डोळा गावच्या रस्त्यावर लागल्या लागल्या ४० वर येत नाही, एवढंच.

पळालेला आणि परत आलेला

शेवटचा मुद्दा. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ च्या दुसऱ्या भागात अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तुम्हाला आठवत असेल. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण तो भाग बाजूला ठेवून. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो. हे खोटं नाही. आमचा ड्रायव्हर पळाला तोही त्याच भीतीने.

म्हणून जबाबदारी फक्त स्टिअरिंगवरच्या माणसाची म्हणून चालत नाही. अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, हे कलम १३४-अ मध्ये आहे. गाडी सापडलीच नाही, तरी मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. तहसील कचेरीत अर्ज करायचा असतो. आपल्या पाड्यांवर हे किती जणांना माहीत आहे? हा भाग ऐकणाऱ्या प्रत्येकाने एका घरी जरी सांगितलं, तरी आजचं बोलणं फुकट गेलं नाही.

मावशी मागच्या वर्षी गेली. दहाव्याला एक म्हातारा माणूस आला, कोपऱ्यात बसला, चहा न घेता उठला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही तेव्हा लहान होता. मी पळालो होतो." मी म्हटलं, "काका, तुम्ही परत आला होतात."

तो काही बोलला नाही. माझ्या मते मावशीची नोंद ठेवणारा त्या सगळ्या प्रकरणात तो एकटाच होता.

फाट्यावर सांभाळून ओलांडा मंडळी, आणि तुम्ही आत बसलेले असाल तर बाहेरच्याकडे बघून वेग कमी करा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.